डिस्क चालते आहे, पण किती कष्टाने?

बऱ्याच मराठी घरांत लग्नाच्या व्हिडिओचा प्रवास एकाच वाटेने झाला. आधी व्हीएचएस कॅसेट, मग फोटो स्टुडिओतून ‘कन्व्हर्ट’ करून आणलेली डीव्हीडी, आणि कॅसेटची रवानगी माळ्यावर. तिथे तिला बुरशी लागली, आणि लावायला व्हीसीआरही उरला नाही. जपानच्या फुनाई कंपनीने 2016मध्ये व्हीसीआरचं उत्पादन थांबवलं. त्यामुळे मुंजीची, डोहाळजेवणाची, आता हयात नसलेल्या आजीच्या आवाजाची एकमेव प्रत अनेकदा कपाटातल्या त्या डीव्हीडीवर असते. ती लावून पाहिली, चित्र आलं, की आपण निर्धास्त होतो. पण चित्र आलं म्हणजे डिस्क धडधाकट आहे असं मुळीच नाही.

दुकानातून आणलेली सिनेमाची डीव्हीडी आणि स्टुडिओत बर्न केलेली डीव्हीडी दिसायला सारख्या, पण त्यांची जात वेगळी. सिनेमाच्या डिस्कवर कारखान्यातच साच्याने सूक्ष्म खळगे उठवलेले असतात. कोऱ्या डिस्कमध्ये तसे खळगे नसतात. पॉलिकार्बोनेटच्या 0.6 मिलिमीटर जाडीच्या दोन चकत्या एकमेकींना चिकटवलेल्या असतात आणि त्यांच्यामध्ये सेंद्रिय रंगद्रव्याचा अतिशय पातळ थर व त्यामागे धातूचा आरसा असतो. बर्न करताना 650 नॅनोमीटरचा लाल लेझर जिथे प्रखर होतो तिथलं रंगद्रव्य तापून विघटित होतं आणि त्या ठिकाणाहून प्रकाश कमी परततो. यातली सर्वांत छोटी खूण 0.4 मायक्रॉनची, आणि या खुणांच्या चक्राकार रेषेच्या शेजारच्या दोन वळशांमधलं अंतर 0.74 मायक्रॉनचं. वाचताना तोच लेझर मंद ठेवला जातो. अडचण अशी की प्रकाशाने आणि उष्णतेने बदलावं म्हणूनच हे रंगद्रव्य निवडलेलं असतं. खिडकीतलं ऊन आणि एप्रिल-मेचा उकाडा तेच काम वर्षानुवर्षं संथपणे करत राहतात. त्यात दमट हवेतला ओलावा कडेच्या गोंदातून आत शिरला, तर आरशाचा धातूही काळवंडू शकतो.

मग अशी डिस्क पंधरा-वीस वर्षं चालते तरी कशी? याचं श्रेय आयर्विंग रीड आणि गुस्ताव सॉलोमन या दोन अमेरिकी गणितज्ञांना जातं. 1960मध्ये त्यांनी चुका दुरुस्त करणारी सांकेतिक पद्धत मांडली, आणि तीच सीडी, डीव्हीडी, ब्लू-रे या तिघींचा कणा आहे.

डीव्हीडीवर माहिती 32 किलोबाइटच्या गठ्ठ्यांनी लिहिली जाते. प्रत्येक गठ्ठा 192 ओळी आणि 172 स्तंभांच्या तक्त्यात मांडतात. प्रत्येक ओळीला 10 आणि प्रत्येक स्तंभाला 16 जादा बाइट जोडले जातात, आणि ते मूळ आकड्यांवरूनच गणिताने काढलेले असतात. दुकानदार खातेवहीत आडवी आणि उभी बेरीज ताडून चूक नेमक्या कुठल्या खान्यात आहे ते हुडकतो, तसाच हा ताळा आहे. इथे चुकीची जागाही कळते आणि बरोबर आकडाही. एका ओळीत पाच बाइटपर्यंत बिघडले असतील तर ओळ स्वतःच दुरुस्त होते. त्याहून जास्त बिघडले तर ती ओळ ‘खराब’ म्हणून बाजूला निघते आणि स्तंभांच्या ताळ्यावरून भरून काढली जाते. एका गठ्ठ्यात अशा सोळा ओळी पूर्ण गेल्या तरी त्या परत मिळवता येतात. मिळालेली माहिती मूळच्यासारखी असते असंही नाही, ती तंतोतंत मूळचीच असते. मला हे गणित फार देखणं वाटतं.

पण त्यातच धोकाही आहे. या दुरुस्तीमुळे डिस्कची झीज आपल्याला दिसतच नाही. कॅसेट खराब होत गेली की पडद्यावर मुंग्या वाढायच्या, आवाज घरघरायचा, आणि आपण वेळीच सावध व्हायचो. डिस्कचं चित्र वर्षानुवर्षं स्वच्छ राहतं, कारण प्रत्येक सेकंदाला प्लेअर आत हजारो दुरुस्त्या करत असतो. मग एका गठ्ठ्यातली सतरावी ओळ बिघडते आणि तो अख्खा गठ्ठा हातचा जातो. एक गठ्ठा म्हणजे व्हिडिओची साधारण एखादी फ्रेम. पण डीव्हीडीवर व्हिडिओ आकसून साठवण्याच्या एमपेग-2 या पद्धतीत पुढच्या फ्रेम आधीच्या फ्रेमच्या आधाराने साठवलेल्या असतात, त्यामुळे पडद्यावर जवळजवळ अर्धा सेकंद चौकटी-चौकटी दिसतात. असे गठ्ठे लागोपाठ आले की प्लेअर अडकतो आणि सप्तपदीच्या ऐन मध्यावर ‘डिस्क एरर’ येतं.

म्हणून खरा प्रश्न असा विचारायला हवा की डिस्क वाचताना प्लेअरला कष्ट किती पडताहेत? हे मोजता येतं. काही डीव्हीडी रायटर ओळींच्या पातळीवर किती दुरुस्त्या कराव्या लागल्या तो आकडा संगणकाला देतात, आणि डिस्कस्पीडसारखे प्रोग्राम त्याचा आलेख काढतात. लागोपाठच्या आठ गठ्ठ्यांत मिळून अशा चुका 280च्या आत असाव्यात, असं डीव्हीडीचं मानक सांगतं. आलेख बहुधा बाहेरच्या कडेकडे चढत जातो. तो 280च्या वर गेला असेल आणि डिस्क अजून वाचली जात असेल, तर त्याच दिवशी तिची प्रत काढावी. त्या क्षणी प्रत शंभर टक्के शुद्ध निघते, हेच या गणिताचं मोठं देणं आहे.

प्रत कशी काढायची याबद्दल माझा आग्रह आहे. डीव्हीडीवरच्या व्हीओबी फायली, म्हणजे ज्यांत प्रत्यक्ष व्हिडिओ असतो त्या, जशाच्या तशा कॉपी कराव्यात. ‘जागा वाचते’ म्हणून त्या पुन्हा कॉम्प्रेस करू नयेत, कारण कॅसेटवरून येताना चित्राचा दर्जा आधीच एकदा घसरलेला आहे. मग प्रत्येक फाइलचा एसएचए-256 ठसा काढून ठेवावा. हा 64 चिन्हांचा आकडा फाइलमधला एक बिट जरी बदलला तरी पार वेगळा येतो. नवी डिस्क बर्न झाली की तिच्यावरच्या फायलींचा ठसा काढून जुन्याशी जुळवायचा. ‘बर्न सक्सेसफुल’ हा संदेश पुरेसा नाही.

नवी डिस्क कोणती घ्यावी? माझं मत ब्लू-रेकडे झुकतं, आणि ते केवळ क्षमतेसाठी नव्हे. 405 नॅनोमीटरच्या निळसर-जांभळ्या लेझरमुळे एका थरावर 25 जीबी मावतात, आणि संगणक त्याच जागेला 23.3 जीबी म्हणतो, याने गोंधळू नये. त्याहून महत्त्वाचं म्हणजे बहुतेक कोऱ्या ब्लू-रे डिस्कमध्ये रंगद्रव्य नसतं, अजैविक थर असतो. काही डिस्कमध्ये तांबं आणि सिलिकॉनचे दोन पातळ थर असतात आणि लेझरच्या उष्णतेने ते एकमेकांत मिसळतात. नेहमीच्या उजेडाचा त्यावर फारसा परिणाम होत नाही. मात्र वेष्टनावर ‘एलटीएच’ अशी अक्षरं असतील तर ती डिस्क स्वस्त असली तरी आत सेंद्रिय रंगद्रव्यच आहे. ती घेऊ नये. एम-डिस्क या खास दीर्घकाळ टिकण्यासाठी बनवलेल्या डिस्कचे निर्माते हजार वर्षांचा दावा करतात. तो आकडा डिस्क प्रखर उष्णतेत आणि दमटपणात ठेवून, तिथल्या झिजेच्या वेगावरून नेहमीच्या तापमानाला काय होईल याचं गणित मांडून काढलेला आहे. हजार वर्षं थांबून कुणी पाहिलेलं नाही. तरीही त्या डिस्कचा अजैविक थर चांगला आहे, एवढं त्यातून घ्यावं.

बर्न करताना डिस्क काठोकाठ भरू नये. धूळ पुसताना कापड मध्यापासून कडेकडे सरळ न्यावं, गोल फिरवू नये. आडवा ओरखडा प्रत्येक वळशाचा जेमतेम एक ठिपका खातो, तर गोल ओरखडा एकाच वळशावरून लांबवर धावतो आणि सलग इतकी माहिती पुसतो की ताळाही हात टेकतो. कागदी लेबल चिकटवू नये. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्याआधी डिस्क हवाबंद डब्यात सिलिका जेलसह ठेवाव्यात, आणि दुसरा संच दुसऱ्या गावी, एखाद्या नातेवाइकाकडे.

हे सगळं फार लांबणीवर टाकता येणार नाही. एकेकाळी जगातल्या मोठ्या डिस्क उत्पादकांत गणली जाणारी आपल्याकडची मोजर बेअर 2018मध्ये अवसायनात गेली. पॅनासॉनिकने 2023मध्ये आणि सोनीने फेब्रुवारी 2025मध्ये कोऱ्या ब्लू-रे डिस्क बनवणं थांबवलं. सोनीच्या त्याच निर्णयात हँडीकॅममध्ये लागणाऱ्या मिनीडीव्ही कॅसेटही संपल्या. नव्या लॅपटॉपमध्ये डिस्क ड्राइव्ह दिसत नाही. यूएसबीने जोडायचा ब्लू-रे रायटर अजून मिळतो. तो घेताना डिस्क बर्न करण्यापुरता विचार करू नये. पुढे त्या वाचायलाही तोच लागणार आहे, म्हणून परवडत असेल तर दोन घ्यावेत आणि एक खोक्यातच राहू द्यावा.