टॅरिफ वेगळं, निर्बंध वेगळे

२०२५ च्या हंगामात यवतमाळकडे जिनिंगसमोर, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या कारखान्यांसमोर, कापसाच्या गाड्या लागल्या, तेव्हा ‘अमेरिकेनं निर्बंध लावले म्हणून भाव पडला’ असं जो तो म्हणत होता. पण भारतावर निर्बंध लागलेच नव्हते. लागलं होतं टॅरिफ, म्हणजे आयात शुल्क. कापूसवाल्यानं हा फरक नीट समजून घ्यावा असं मला मनापासून वाटतं, कारण दोन्हींची झळ वेगळ्या वाटेनं येते.

टॅरिफनं व्यवहार बंद होत नाही, महाग होतो. तिरुपूरचा शर्ट अमेरिकेत उतरला की शुल्क तिथला आयातदार भरतो. मग तो इकडे भाव पाडून मागतो, नाहीतर ऑर्डर बांगलादेशाला देतो. भारतीय मालावर आधी २५ टक्के आणि २७ ऑगस्टपासून आणखी २५ टक्के शुल्क बसलं. अडचणीतल्या कापड उद्योगाला स्वस्त कापूस मिळावा म्हणून केंद्रानं १९ ऑगस्टपासून कापसावरचं आपलं ११ टक्के आयात शुल्क काढलं. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, नंतर ३१ डिसेंबरपर्यंत. इकडे वेचणी ऐन भरात आणि तिकडे परदेशी गाठींना दार मोकळं! मध्यम धाग्याचा हमीभाव होता ७,७१० रुपये क्विंटल. पण ओलावा १२ टक्क्यांच्या वर निघाला की सीसीआय, म्हणजे हमीभावानं खरेदी करणारं सरकारी कापूस महामंडळ, कापूस घेत नाही, आणि मग व्यापारी देईल त्या भावात गाडी खाली करावी लागते. माझ्या मते ट्रम्प यांच्या शुल्कापेक्षा दिल्लीनं काढलेलं शुल्कच विदर्भाला जास्त झोंबलं.

निर्बंध म्हणजे थेट वाळीत टाकणं. इराणचं तेल भारतानं मे २०१९ मध्ये घेणं थांबवलं, ते महाग झालं म्हणून नव्हे. अमेरिकेनं इराणवर लावलेल्या निर्बंधांतून भारताला दिलेली सवलत संपली होती, आणि तेल घेणाऱ्याचे डॉलरमधले व्यवहार, बँका, जहाजांचा विमा, सगळंच अडकण्याची भीती होती. निर्बंध दुसऱ्याच्या देशावर असले तरी हात आपले बांधले जातात ते असे. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेनं लावलेले निर्बंध सगळ्या सदस्य देशांना पाळावे लागतात. रशियावर २०२२ पासून जे आहेत ते अमेरिका, युरोपीय संघ आणि त्यांच्या मित्रदेशांचे. परिषदेत रशियाकडेच नकाराधिकार असल्यानं तिथून ते येणं शक्यच नव्हतं.

गोंधळ झाला तो त्या दुसऱ्या २५ टक्क्यांमुळे. भारत रशियाचं तेल घेतो म्हणून ते लावल्याचं अमेरिकेनं उघड सांगितलं होतं. हेतू निर्बंधाचा, हत्यार मात्र टॅरिफचं. दोन महासत्तांच्या भांडणात तिसऱ्या देशाला दंड, आणि तोही तेलावर नव्हे, तर कापड, कोळंबी, दागिन्यांवर. तेल विकत घेणाऱ्या रिफायनरीला त्या शुल्कानं थेट हातही लावला नाही.