शब्दकोशातले ‘किंचित’

कोमट म्हणजे किंचित गरम. ओलसर म्हणजे थोडे ओले. झुळूक म्हणजे मंद वारा, कुजबूज म्हणजे अगदी हलक्या आवाजातले बोलणे. कुठलाही शब्दकोश चाळा. किंचित, अल्प, जरासा, सौम्य, फिकट ही मंडळी पानोपानी भेटतात. पण ‘किंचित’ म्हणजे किती, असे त्याच कोशाला विचारले तर तो ‘थोडे’कडे पाठवतो आणि ‘थोडे’ आपल्याला ‘अल्प’कडे.

हा कोशकाराचा आळस नव्हे. व्याख्या करण्याची रीत अरिस्टॉटलपासून चालत आली आहे: आधी वस्तूचा वर्ग सांगायचा, मग त्याच वर्गातल्या इतरांपासून तिला वेगळे करणारा गुण. चौरस हा चौकोनच, फक्त त्याच्या चारही बाजू आणि चारही कोन समान. कोमट आणि गरम यांच्यात मात्र वेगळा गुण सापडतच नाही. गुण एकच, मात्रा निराळी. मग भेद दाखवण्याचे सगळे काम त्या एवढ्याशा ‘किंचित’वर येऊन पडते. शिवाय काटकसरही होते. 1978 साली लाँगमनच्या इंग्रजी कोशाने सुमारे 2,000 शब्दांत सगळ्या व्याख्या बसवल्या. इतक्या कमी भांडवलात मात्रेचे शब्द नसतील तर कोशकाराचे पान हलायचे नाही.

गंमत अशी की ‘किंचित’ सगळ्या विशेषणांना सारखे मानवत नाही. ख्रिस्तोफर केनेडी आणि लुईस मॅकनॅली या भाषावैज्ञानिकांनी 2005 साली विशेषणांच्या मोजपट्ट्यांची जी मांडणी केली, ती इथे उपयोगी पडते. काही पट्ट्यांना तळ असतो. ओला, वाकडा, मळका ही त्यातली विशेषणे. पाण्याचा थोडा अंश लागला तरी कापड ओले म्हणता येते. काहींना वरचे टोक असते: कोरडा, सरळ, स्वच्छ. इथे पुरेपूरपणा हीच कसोटी. उंच, महाग, लांब यांना दोन्ही नाही. आजूबाजूला कोण आहे त्यावर सगळे ठरते. म्हणून ‘किंचित ओला’ आपण सहज बोलतो, ‘किंचित सरळ’ कानाला खटकते आणि ‘किंचित उंच’ म्हटले की समोरचा विचारतो, कोणापेक्षा?

मराठीतला ‘-सर’ हा प्रत्यय याच फरकावर बेमालूम खेळतो. ओलसर टॉवेल खरोखरच ओला असतो, थोडाच असला तरी. गोलसर दगड मात्र गोल नसतो. गोलाच्या जवळपास येऊन थांबलेला असतो. प्रत्यय तोच, पण एका ठिकाणी तो तळ ओलांडल्याचे सांगतो आणि दुसऱ्या ठिकाणी टोक न गाठल्याचे. तेव्हा ‘गोलसर’पुढे ‘किंचित गोल’ असे लिहिले तर ते वाचायला ठीक वाटेल, पण अर्थ हुकेल. तिथे ‘जवळजवळ गोल’च हवे. कोशकाराची खरी परीक्षा मला अशा बारीक जागी दिसते, मोठमोठ्या संज्ञांपाशी नाही.

गरम-थंडाच्या बाबतीत तर मोजायला सुरुवात कुठून करायची, तेही पक्के नसते. एक हात गार पाण्यात आणि दुसरा गरम पाण्यात धरून नंतर दोन्ही एकाच कोमट पाण्यात बुडवले, तर तेच पाणी एका हाताला गरम आणि दुसऱ्याला गार लागते. तत्त्वज्ञ जॉन लॉक याने सतराव्या शतकातच हे लिहून ठेवले आहे.

हवामानशास्त्राला अशी संदिग्धता परवडत नाही. त्याच्या हिशेबात भुरभुर म्हणजे अर्ध्या मिलिमीटरपेक्षा लहान थेंबांचा पाऊस. धुके आणि विरळ धुके यांच्यामधली रेघ 1 किलोमीटर दृश्यतेवर आखलेली. वाऱ्यासाठी बोफर्टची श्रेणी आहे. तिच्यात क्रमांक 2 चा मंद वारा म्हणजे ताशी 6 ते 11 किलोमीटर, पण ओळखायची खूण अशी की वारा चेहऱ्याला जाणवतो आणि पाने सळसळतात. आकड्यापेक्षा ही खूणच कोशाच्या जास्त कामाची.

गणितानेही प्रयत्न केला. 1965 साली लोत्फी झादे यांनी फझी संचांची, म्हणजे ज्यांत एखादी गोष्ट 0 ते 1 यांमधल्या कुठल्याही प्रमाणात बसू शकते अशा संचांची कल्पना मांडली आणि पुढे अशा शब्दांसाठी सूत्रे सुचवली. एखादा माणूस ‘उंच’ या संचात 0.64 इतका बसत असेल, तर ‘अतिशय उंच’साठी त्या आकड्याचा वर्ग करायचा, म्हणजे सुमारे 0.41, ‘थोडाफार उंच’साठी वर्गमूळ काढायचे, म्हणजे 0.8. अट सैल झाली की जास्त माणसे आत बसतात, हे त्यातून नेमके उतरते. बोलताना वर्गमुळे कोणी काढत नाही, ही गोष्ट वेगळी.

रंगांपाशी मात्र मात्रेच्या शब्दांची ही युक्ती अडखळते. 1961 च्या वेबस्टर कोशात काही छटांच्या व्याख्या अमक्या रंगापेक्षा जास्त निळी, तमक्यापेक्षा जास्त फिकी अशा थाटाच्या आहेत. एक रंग कळायला आधी आणखी तीन ठाऊक हवेत. आणि ‘गुलाबी’ला ‘फिकट लाल’ म्हटले तरी गुलाबी कापडाला लाल कोण म्हणेल? रशियनमध्ये गडद निळ्याला ‘सीनिय’ आणि फिकट निळ्याला ‘गलुबोय’ असे दोन स्वतंत्र शब्द आहेत. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दोन निळ्या छटा या दोन नावांत विभागल्या जात असतील, तर रशियन भाषकांनी त्यांच्यातला फरक अधिक लवकर ओळखला; इंग्रजी भाषकांत असा लाभ दिसला नाही. अशा शब्दापुढे नुसते ‘फिकट निळा’ लिहून भागत नाही, एखाद्या फुलाचे किंवा निरभ्र आकाशाचे नाव जोडावे लागते.