नवं चर्च झालं म्हणून जुनं वाचलं

मध्य फिनलंडमध्ये, युवॅस्क्युलॅ शहराच्या पश्चिमेला पेतॅयॅवेसी हे चार हजारांहून कमी वस्तीचं गाव आहे. पेतॅयॅ म्हणजे पाइनचं झाड, वेसी म्हणजे पाणी. तिकडे स्थानिक कारभाराच्या घटकाला ‘कुंता’ म्हणतात. ग्रामपंचायत म्हणावं तर पसारा मोठा आणि नगरपालिका म्हणावं तर शहर कुठे दिसत नाही. फिनलंडला फिनिश आणि स्वीडिश अशा दोन राष्ट्रभाषा आहेत. या कुंताची कारभाराची भाषा मात्र एकटी फिनिश.

गावाची ओळख म्हणजे तळ्याकाठचं लाकडी चर्च. ते १७६३ ते १७६५ या काळात याक्को क्लेमेतिनपोयका लेप्पॅनेन या गावठी कारागिराने उभं केलं. मधलं नाव आपल्यासारखंच, ‘क्लेमेत्तीचा मुलगा’. जागाही विचार करून निवडलेली: उन्हाळ्यात होडीने यायचं, हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यावरून. १८२१ मध्ये याक्कोचा नातू एर्क्की याने घंटेचा मनोरा जोडला. आजोबांनी काम केलं तेव्हा राज्य स्वीडनचं होतं. १८०९ मध्ये फिनलंड रशियाकडे गेला, त्यामुळे नातवाने रशियाच्या झारच्या अमलात काम केलं. गाव मात्र होतं तिथेच.

आत गेलं की रंग जवळजवळ नाहीच. ओंडक्यांच्या भिंती वयाने तपकिरी झालेल्या, वर फळ्यांची कमान आणि मधोमध घुमट. क्रूसासारखा, चार समान भुजांचा आराखडा युरोपातल्या प्रबोधनकाळातल्या चर्चचा. पण दगडाचं काम इथे लाकडात उतरवलंय. प्रवचनाचा उंच ओटा संत क्रिस्टोफरच्या कोरीव मूर्तीने पेललाय. ल्यूथरपंथी, म्हणजे संतांची पूजा न करणाऱ्या प्रोटेस्टंटांच्या चर्चमध्ये संताने ओझं उचलावं, याची मला मोठी गंमत वाटते.

१८७९ मध्ये गावाने नवं चर्च बांधलं आणि जुनं ओस पडलं. स्मशान आणि घंटा तेवढ्या वापरात राहिल्या. माझ्या मते याच उपेक्षेने ते वाचलं. रोजची वहिवाट असती तर शेगड्या बसल्या असत्या, भिंतींना रंग लागला असता, खिडक्या मोठ्या झाल्या असत्या. १९२० च्या दशकात योसेफ स्ट्शिगोव्स्की या ऑस्ट्रियन कला-इतिहासकाराचं लक्ष तिकडे गेलं, १९२९ मध्ये डागडुजी सुरू झाली आणि १९९४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत नाव आलं.

उन्हाळ्यात तिथे आजही प्रार्थना होते, लग्नं लागतात. थंडीत नाही, आत शेगडीच नाही.