लीड ग्रीन असोसिएट परीक्षा: पात्रता, ओळखपत्र, अर्ज आणि अभ्यास

हरित इमारतींच्या क्षेत्रात काम करू पाहणारे आर्किटेक्ट, सिव्हिल इंजिनिअर, इंटिरियर डिझायनर बहुधा याच परीक्षेपासून सुरुवात करतात. लीड हे हरित इमारतींना दिलं जाणारं मानांकन, अमेरिकेतल्या यूएसजीबीसी या संस्थेचं; परीक्षा तिची सहयोगी संस्था जीबीसीआय घेते. वय 18 पूर्ण असलं की बसता येतं. पदवी, अनुभव, क्लासचं प्रमाणपत्र यांपैकी काहीच लागत नाही. क्लास सक्तीचा आहे असं कुणी सांगितलं तर ते चूक आहे.

अर्ज करण्याआधी ओळखपत्र समोर ठेवा, कारण सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. ओळखपत्र सरकारी आणि मुदतीतलं हवं. त्यावर फोटो, सही आणि इंग्रजी लिपीतलं नाव, तिन्ही हवीत. आधार कार्डावर सही नसते, म्हणून त्याच्या भरवशावर राहू नका. पासपोर्ट सर्वात सुरक्षित. यूएसजीबीसीच्या खात्यातलं नाव पासपोर्टावरच्या नावाशी जुळायला हवं. आपल्याकडे पासपोर्टावर वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मधे असतं आणि खातं उघडताना माणूस फक्त नाव-आडनाव लिहून मोकळा होतो. लग्नानंतर आडनाव बदललं असेल तर आणखी काळजी घ्या. नाव जुळलं नाही तर परीक्षेला बसू देत नाहीत आणि शुल्कही बुडतं.

यूएसजीबीसीच्या संकेतस्थळावर खातं उघडून अर्ज भरायचा आणि शुल्क द्यायचं. नेहमीचं शुल्क 250 डॉलर, यूएसजीबीसीच्या सदस्य कंपनीत नोकरी असेल तर 200, पूर्णवेळ विद्यार्थ्यांना 100. भरण्याआधी ताजा आकडा बघून घ्या. कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार आधी सुरू करून ठेवा, नाहीतर पेमेंट अडकतं. मग ईमेलने पात्रता क्रमांक येतो. तो वापरून प्रोमेट्रिक या परीक्षा केंद्रं चालवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर तारीख घ्यायची, केंद्रावरची किंवा घरून द्यायची. घरून देणार असाल तर त्यांची सिस्टिम चाचणी त्याच लॅपटॉपवर, त्याच इंटरनेटवर आधी करून पाहा. अर्ज एक वर्ष चालतो. त्यात तीन प्रयत्न मिळतात, पण शुल्क दरवेळी भरावं लागतं.

दोन तासांत 100 बहुपर्यायी प्रश्न. त्यातले काही केवळ चाचणीसाठी असतात, त्यांचे गुण धरत नाहीत, पण ते कोणते हे कळत नाही. गुण 125 ते 200 या पट्टीवर, उत्तीर्ण व्हायला 170. काही प्रश्नांत दोन किंवा तीन पर्याय निवडायचे असतात आणि त्यातला एक जरी चुकला तरी गुण नाही. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नका.

अभ्यासाआधी आवृत्ती ठरवा. एप्रिल 2025 मध्ये लीडची आवृत्ती 5 आली, म्हणून तुमच्या तारखेला परीक्षा कोणत्या आवृत्तीवर आहे ते उमेदवारांच्या हँडबुकात तपासा आणि साहित्य त्याच आवृत्तीचं घ्या. जुन्या प्रश्नसंचांवर विसंबून अनेकजण नापास होतात. खालचे आकडे आवृत्ती 4 चे आहेत.

बरेचजण ऊर्जेवर महिना घालवतात आणि परीक्षेत सर्वाधिक वजन असलेला 'लीड प्रक्रिया' हा विषय वरवर वाचतात. त्यातला 40/60 चा नियम नीट समजून घ्या: इमारतीच्या क्षेत्रफळाच्या 60 टक्क्यांहून जास्त भागाला एखादी मानांकन प्रणाली (इमारतीच्या प्रकारानुसार ठरलेला लीडचा नियमसंच) लागू होत असेल तर तीच घ्यायची, 40 टक्क्यांहून कमी असेल तर ती घेता येत नाही, मधल्या पट्ट्यात निर्णय प्रकल्पाच्या टीमचा. म्हणजे 70 टक्के हॉटेल आणि 30 टक्के दुकानं असतील तर प्रणाली हॉटेलची. इमारतीला मिळणाऱ्या गुणांचे टप्पेही पाठ हवेत: 110 पैकी 40 ला सर्टिफाइड, 50 ला सिल्व्हर, 60 ला गोल्ड, 80 ला प्लॅटिनम. आश्रे या अमेरिकेतल्या अभियंत्यांच्या संस्थेच्या मानकांची हमखास सरमिसळ होते: 62.1 वायुवीजनाचं, 90.1 ऊर्जेचं, 55 आतल्या सुखद तापमानाचं. लीडच्या पाण्याविषयीच्या अनिवार्य अटींत इमारतीच्या आत 20 टक्के बचत, बाहेरच्या बागेसाठी 30 टक्के.

पास झाल्यावर दर दोन वर्षांत 15 तासांचं पुढचं शिक्षण नोंदवावं लागतं. त्यातले 3 तास थेट लीडवरचे हवेत.