आजीचं देवदर्शन, नातवंडांची झुकझुक: नागपूरकरांच्या सहलींची पार्श्वभूमी

नागपूरच्या घरात सहलीचा विषय निघाला की घोडं हमखास दोन ठिकाणी अडतं: आजीला किती पायऱ्या चढवतील आणि धाकट्याला गाडी लागते का. बाकी हॉटेल, तारीख, पैसे यांचं काहीतरी जमून जातं. नागपूरच्या आसपास रविवारी गजबजणारी ठिकाणं बघा, रामटेक, अदासा, कोराडी, धापेवाडा. बहुतेक जागी देव आहे, आणि देवाच्या जवळपास मुलांना रमवणारं काहीतरी आहे. हे कुणा पर्यटन खात्याने आखलेलं नाही. पिढ्यान्‌पिढ्या आजी-आजोबा आणि नातवंडं यांच्यात जी ओढाताण झाली, तिच्यातून ही यादी तयार झाली आहे.

त्यात सगळ्यात जुनं नाव रामटेकचं. नागपूरपासून सुमारे ५० किलोमीटर. पायथ्याजवळचं नगरधन म्हणजे वाकाटक या जुन्या राजघराण्याचं नंदिवर्धन. गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी प्रभावतीगुप्त इथे वाकाटकांच्या घरात सून म्हणून आली, नवरा लवकर गेल्यावर अल्पवयीन मुलांच्या वतीने तिने राज्य चालवलं. उतारवयात तिने रामगिरीच्या, म्हणजे रामटेकच्या, स्वामीच्या पायाशी बसून दिलेल्या दानाचा ताम्रपट रिद्धपूरला सापडला, आणि त्यात तिच्या मुला-नातवांचाही उल्लेख आहे. म्हणजे नातवंडं असलेली बाई रामटेकच्या देवाला येते, याचा लेखी पुरावा पाचव्या शतकातला आहे! टेकडीवरचं आजचं गडमंदिर मात्र अठराव्या शतकात नागपूरच्या रघुजी भोसल्यांनी उभारलेलं.

कार्तिकातल्या त्रिपुरी पौर्णिमेला रामटेकची यात्रा भरते. मोटारी येण्याआधी लोक बैलगाडीने जात. सामानाला खाचर, बायका-मुलांना रेंगी किंवा दमणी. सकाळी निघायचं, वाटेत सावली आणि पाणी पाहून बैल सोडायचे, तिथेच चूल मांडायची. वैदर्भीय माणसाला सहल म्हटलं की रोडगे आठवतात ते त्यामुळेच. जाडसर दळलेल्या कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात पुरायचे, वरून राख लोटायची आणि तासभर विसरून जायचं. काढले की फडक्यावर आपटून राख झाडायची, मुठीने फोडायचे, आत तुपाची धार सोडायची आणि वांग्याची झणझणीत भाजी घ्यायची. पोरांना गोवऱ्या आणण्याचं काम, आजीकडे निखाऱ्यांचा कारभार. रोडगा शिजला की नाही हे ती वरून बोटाने टकटक करून सांगते, घड्याळ बघत नाही. कार्तिकातच आवळीभोजन असतं, आवळीच्या झाडाखाली बसून सगळ्या घराने जेवायचं. धर्मशास्त्रात त्याला पुण्य आहे म्हणतात. मुलांच्या हिशेबी ती ताटं-वाट्या घेऊन घराबाहेर जेवायला मिळाल्याची मजा. आज कॉलनीतल्या बायका ज्याला ‘डब्बा पार्टी’ म्हणतात, तिचं मूळ या झाडाखालच्या पंगतीत आहे.

शहरात मुलांसाठी म्हणून वेगळी जागा हवी, ही कल्पना पुष्कळ उशिरा आली. भोसल्यांच्या बागा आणि तलाव होते, पण ते राजाचे. १८५४ मध्ये संस्थान खालसा झालं, १८६१ मध्ये मध्य प्रांत होऊन नागपूर त्याची राजधानी झालं, आणि साहेबाने आपल्या चालीप्रमाणे वस्तुसंग्रहालय, प्राणिसंग्रहालय काढायला घेतलं. १८६३ चं मध्यवर्ती संग्रहालय नागपूरकरांनी लगेच ‘अजब बंगला’ करून टाकलं. खालच्या आवाजात बोलायचं वगैरे नियम कुणी पाळल्याचं दिसत नाही. भुसा भरलेल्या जनावरांसमोर पोरं ओरडणारच. भोसल्यांच्या महाराजबागेत १८९४ मध्ये प्राणिसंग्रहालय आलं. पुढे ते कृषी महाविद्यालयाकडे आणि त्यामार्फत अकोल्याच्या कृषी विद्यापीठाकडे गेलं. जगात किती ठिकाणी शेतकी कॉलेज वाघ सांभाळत असेल, देव जाणे.

महाराजबागेने आजोबांना कायमचं काम लावून दिलं. घरातल्या कर्त्या माणसाला कचेरी, बाईला स्वयंपाकघर. मग नातवाचं बोट धरून वाघ दाखवायला जाणार कोण? सीताबर्डीपासून पायी जाता येतं, तिकीट परवडतं आणि बसायला बाक आहेत. अंबाझरीचंही तसंच. तलाव भोसल्यांचा, १८७० मध्ये बांध घालून शहराच्या पाण्यासाठी वाढवलेला. त्याच्या काठची बाग १९५८ ची. तेलंगखेडी, फुटाळा हेही असेच तलाव. पाणीपुरवठ्यासाठी खणलेलं संध्याकाळच्या फिरण्याच्या कामी आलं.

खरा फरक पाडला तो आगगाडीने. १८६७ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे भुसावळ-बडनेऱ्यावरून नागपूरला पोचली. याच रस्त्यावर शेगाव आहे. गजानन महाराज १८७८ मध्ये तिथे प्रकट झाले, १९१० मध्ये त्यांनी समाधी घेतली. तोवर गाडी येऊन बरीच वर्षं झाली होती. नागपूरच्या घराघरात शेगावची वारी रुजली याला श्रद्धा तर कारण आहेच, पण आजीला एकदा डब्यात बसवलं की थेट शेगावलाच उतरवता येतं, हेही लहान कारण नाही. बैलगाडीत म्हाताऱ्यांची हाडं खिळखिळी होत. गाडीत खालचा बाक, सुरई, दशम्या, ठेचा आणि खिडकीशी नातू.

नागपूरकर मुलांची लाडकी गाडी मात्र वेगळी होती. बंगाल-नागपूर रेल्वेने सातपुड्याच्या अंगाने अडीच फुटी रुळांचं जाळं विणलं होतं. इतवारीहून सावनेर, रामाकोना करत छिंदवाड्याला जाणारी, आणि दुसरीकडे नागभीडला जाणारी. नॅरोगेज. इतकी सावकाश की झाडं मोजता यायची. घाई असलेला माणूस वैतागायचा. लहान मूल आणि म्हातारं माणूस यांना मात्र तोच वेग झेपतो, हे नव्या वेगवान गाड्या आखणाऱ्यांना कधीतरी सांगायला हवं. छिंदवाड्याची नॅरोगेज २०१५ मध्ये बंद झाली, नागभीडची २०१९ मध्ये. दोन्हीकडे मोठे रूळ टाकायचे होते, त्याबद्दल तक्रार नाही. कडबी चौकाजवळच्या नॅरोगेज संग्रहालयात २००२ पासून जुनी इंजिनं, डबे आहेत आणि मुलांसाठी छोटी गाडी फिरते. सेमिनरी हिल्सच्या बालोद्यानातली ‘वनबाला’ही त्याच जातीची. आज चाळिशीत असलेल्या नागपूरकराला वनबाला विचारून बघा, चेहराच बदलतो.

उन्हाळ्याचं गणित निराळं. मे महिन्यात पारा ४५ च्या पार जातो, दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. म्हणून विदर्भातल्या शाळा उरलेल्या महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. सुट्टी लांब, पण बाहेर पडायची सोय नाही. इंग्रज सरकारने यावर उपाय काढला तो पचमढीचा. कॅप्टन जेम्स फोर्सिथने १८६० च्या दशकात ती जागा नावारूपाला आणली, आणि पुढे मध्य प्रांताचं सरकार उन्हाळ्यात नागपूर सोडून तिकडे जाऊ लागलं. वैदर्भीय भाविकांना पचमढी त्याआधीपासून ठाऊक होती, महादेवाची म्हणून. चौरागडला त्रिशूळ खांद्यावर घेऊन जाणारे आणि नागपंचमीला नागद्वारला जाणारे आजही मोठ्या संख्येने विदर्भातलेच असतात. साहेब थंडाव्याला गेला, आपली माणसं नवस फेडायला. दुसरा पर्याय चिखलदऱ्याचा, विदर्भातलं एकमेव थंड हवेचं ठिकाण, १८२३ मध्ये कॅप्टन रॉबिन्सनच्या नजरेस पडलेलं.

पण साहेबाच्या मागे डोंगरावर जाणारे किती? बाकीच्यांना सुट्टी म्हणजे आजोळ. वाळ्याचे ताटे, नंतर कूलर. दुपारभर पत्ते आणि पन्हं. गच्चीवर वाळत घातलेल्या सरगुंड्यांची, कुरडयांची राखण करायला नातवंडं. संध्याकाळी गच्चीवर पाणी मारून अंथरुणं. बाहेर निघालंच तर आजी खिशात कांदा टाकणार आणि डोक्याला दुपट्टा बांधणार, लू लागू नये म्हणून. या आजोळांचा नकाशाही इतिहासाने आखलेला आहे. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत नागपूरची राजधानी गेली, भोपाळ नव्या मध्य प्रदेशाची राजधानी झालं, कितीतरी कारकून-अधिकारी बाडबिस्तरा घेऊन तिकडे गेले. जबलपूर, रायपूर, बिलासपूरला मराठी घरं आधीपासून होतीच. त्यामुळे कुण्या नागपूरकराची मावशी जबलपूरला, मामा रायपूरला, आणि मामेभाऊ आल्यावर अर्धं हिंदी बोलणारा. पुण्या-मुंबईचा नातेवाईक हा आमच्याकडे त्यामानाने अलीकडचा प्रकार.

त्याच १९५६ मध्ये केंद्र सरकारने आपल्या कर्मचाऱ्यांना रजा प्रवास सवलत दिली. एलटीसी. नागपुरात रेल्वे, डाक-तार, महालेखापालांचं कार्यालय, आयुध निर्माणी असा केंद्राचा पसारा मोठा. सवलतीत अवलंबून असलेले आई-वडीलही धरले जात, आणि रामेश्वर, पुरी, द्वारका या यात्रा आजवर ज्यांनी ऐकल्याच होत्या त्या आजी-आजोबांना मुलाच्या नोकरीमुळे घडल्या. पोरांना त्यात समुद्र दिसला. नागपूरच्या मुलाने पहिला समुद्र पुरीला पाहिला असण्याची शक्यता जुन्या पिढीत चांगलीच आहे.

उलट दिशेचाही, म्हणजे नागपूरच्या घराकडे येणारा, एक प्रवास आहे, त्याबद्दल बाहेर कुणी फारसं लिहीत नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा तान्हा पोळा. लाकडी बैल सजवून मुलं घरोघर जातात, घरचे बैलाला ओवाळतात आणि मुलाच्या हातावर बोजारा, म्हणजे थोडे पैसे किंवा खाऊ, ठेवतात. ही प्रथा दुसऱ्या रघुजी भोसल्यांनी सुरू केली असं परंपरा सांगते. शिंगांना बेगड, पाठीवर झूल, गळ्यात घुंगरं, चार चाकांवर उभा, दोरीने ओढत न्यायचा. घरात दोन नातू आणि बैल एक असला की भांडण ठरलेलं. त्याच दिवशी काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे पीडेचे पुतळे, मिरवणुकीने निघतात, सोबत बडगे नावाचे पुरुषी पुतळे निघतात, ‘ईडा पीडा घेऊन जा गे मारबत’ म्हणून गर्दी ओरडते. पुण्यात नोकरीला गेलेला मुलगा दिवाळीला येणारच, पण आजी त्याला बजावते ते पोळ्याला ये म्हणून. बैल माळ्यावरून काढून पुसून ठेवलेला असतो.

आणि नागपूरकडे येणारी सगळ्यात मोठी कुटुंबयात्रा दीक्षाभूमीची. १४ ऑक्टोबर १९५६ ला, विजयादशमीच्या दिवशी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी इथे बौद्ध धम्म स्वीकारला आणि लाखो अनुयायांना दीक्षा दिली. लोक भाकरी बांधून, पांढरी वस्त्रं नेसून आले होते, कडेवर पोरं घेऊन. त्यांचीच नातवंडं-पतवंडं आता दर अशोक विजयादशमीला येतात. स्तूप २००१ चा. गर्दीत आजीचा हात सुटू नये म्हणून पोराने पदर धरलेला, आणि परतताना पिशवीत खेळण्यापेक्षा पुस्तकं जास्त. नागपूरचे लोक त्या दिवसांत रस्त्यावर मंडप टाकून जेवण-पाणी देतात. कामठीचं ड्रॅगन पॅलेस हे बुद्धविहार १९९९ मध्ये झाल्यापासून आणि चिचोलीच्या शांतिवनात बाबासाहेबांच्या वापरातल्या वस्तू बघायला मिळत असल्याने या यात्रेचा मुक्कामही थोडा वाढला आहे.

अलीकडच्या पंचवीसेक वर्षांत सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द आहे, वाघ. ताडोबा १९५५ पासून राष्ट्रीय उद्यान आहे, १९९५ पासून व्याघ्र प्रकल्प. पेंच, बोर, नवेगाव-नागझिरा, उमरेड-करांडला, नागपूरच्या चहूबाजूंनी जंगल आहे. माझं मत विचाराल तर जंगल सफारी ही तीन पिढ्यांना न जुळणारी सहल आहे. पहाटेच्या अंधारात गेट गाठायचं, उघड्या जिप्सीत धूळ खात काही तास बसायचं, मध्ये उतरायचं नाही, बोलायचं नाही. चार वर्षांचं मूल आणि सांधे धरलेले आजोबा यांना यातलं काय जमतं? शेवटी आजी-आजोबा धाकट्याला घेऊन रिसॉर्टवर बसतात आणि त्यांनाच विचारलं जातं, ‘काय, मजा आली ना?’ त्यामानाने गोरेवाडा बरा. २०२१ च्या प्रजासत्ताक दिनी सुरू झालेल्या तिथल्या सफारीत बंद बसमधून फिरवतात, वाघ-अस्वलं दिसतात आणि दुपारच्या जेवणाला घरी येता येतं.

गंमत म्हणजे नव्या रस्त्यांनी यादी पुन्हा देवाकडेच वळवली. डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा खुला झाला, आणि पहिली झुंबड उडाली ती साईबाबांच्या दर्शनाला. शेगावच्या संस्थानाने हे सूत्र आधीच ओळखलं होतं: या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी आनंदसागर उभं केलं, तलाव, ध्यानमंदिर, मुलांची आगगाडी, सगळं एका आवारात. ते मधल्या काळात बंद झालं तेव्हा समाधीचं दर्शन झाल्यावर पोरांना कुठे न्यायचं, हा प्रश्न घरोघर पडला होता.

तिकिटाचा हिशेबही बदलला आहे. रेल्वेने मार्च २०२० मध्ये ज्येष्ठांची सवलत थांबवली ती अजून परत आलेली नाही, आणि २०१६ पासून पाच ते बारा वर्षांच्या मुलाला स्वतंत्र बर्थ हवा तर पूर्ण भाडं लागतं. एसटीने नेमकं उलट केलं: ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत, पासष्टच्या पुढे अर्धं तिकीट, मार्च २०२३ पासून सगळ्या बायकांना अर्धं, बारा वर्षांखालच्या मुलांना अर्धं आधीपासूनच. म्हणजे पंचाहत्तरीच्या पुढचे आजी-आजोबा, सून, मुलगा आणि नात असे रामटेकच्या लाल गाडीत बसले तर पूर्ण तिकीट एकट्या मुलाचं पडतं, आणि वाहकाला आधार कार्डं काढून दाखवण्याचं कामही त्याच्याच गळ्यात.