चार मीटरांच्या आतली आवड

नवी गाडी घ्यायला निघालेल्या माणसाला निवडीचे कारण विचारले, तर तो रूप, अ‍ॅव्हरेज, सर्व्हिसची सोय आणि पुनर्विक्रीची किंमत अशी उत्तरे देतो. शेजाऱ्याने काय घेतले हे कारण तो सहसा सांगत नाही. पण भारतात दहा लाखांच्या आसपास मिळणाऱ्या गाड्यांच्या माहितीपत्रकांत लांबीचा रकाना पाहिला, तर एक चमत्कारिक गोष्ट लक्षात येते. मारुतीची डिझायर आणि ब्रेझा, टाटांची नेक्सॉन, ह्युंदाईची व्हेन्यू, किआची सॉनेट या सगळ्या गाड्या ३९९५ मिलिमीटर लांब आहेत. वेगवेगळ्या देशांतल्या, एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या अभियंत्यांचे इतके नेमके एकमत सौंदर्यदृष्टीमुळे होत नसते.

हे एकमत घडवले ते २००६च्या केंद्रीय अर्थसंकल्पाने. त्या वर्षी लहान गाड्यांवरचे उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणले गेले आणि लहान गाडी कोणती याची व्याख्याही ठरली: लांबी ४००० मिलिमीटरपेक्षा अधिक नको, पेट्रोल इंजिन १२०० सीसीच्या आत आणि डिझेल इंजिन १५०० सीसीच्या आत. २०१७ मध्ये जीएसटी आला, तेव्हाही हीच मोजपट्टी कायम राहिली. २२ सप्टेंबर २०२५ पासून या व्याख्येत बसणाऱ्या गाडीवर १८ टक्के आणि न बसणाऱ्या गाडीवर ४० टक्के कर आहे. कारखान्यातून सहा लाखांना बाहेर पडणाऱ्या गाडीची लांबी चार मीटरांच्या पुढे एक सेंटिमीटर जरी गेली, तरी ग्राहकाला त्या सेंटिमीटरापोटी एक लाख बत्तीस हजार रुपये जास्त मोजावे लागतात. इतक्या महाग सेंटिमीटराच्या वाटेला कोण जाईल?

नियम आल्यावर दोनच वर्षांनी टाटांनी इंडिगो या सेडानची, म्हणजे मागे वेगळी डिकी असलेल्या गाडीची, शेपूट आखडून ३९८८ मिलिमीटरांची इंडिगो सीएस बाजारात आणली. डिझायर २००८ मध्ये आली तेव्हा ४१६० मिलिमीटर लांब होती, २०१२ च्या नव्या आवृत्तीत ती ३९९५ झाली आणि तिची डिकी ४४० लिटरांवरून ३१६ लिटरांवर आली. मागून कापल्यासारखी दिसणारी ही आखूड सेडान पुढे इतकी सवयीची झाली, की आज ती कुणाला विचित्रही वाटत नाही. याचा उलटा पुरावा विजेच्या गाड्यांत सापडतो. त्यांच्यावर ५ टक्केच जीएसटी आहे आणि त्याला लांबीची अट नाही. महिंद्राची एक्सयूव्ही ३०० ही गाडी ३९९५ मिलिमीटरांची होती. तिच्याच सांगाड्यावर २०२३ मध्ये आलेली विजेवरची एक्सयूव्ही ४०० मात्र ४२०० मिलिमीटर लांब निघाली. कराचे बंधन सुटताच गाडीने पाय पसरले. जपानमध्ये हा प्रकार जुना आहे. तिथल्या ‘केई’ वर्गातल्या गाड्यांना ३.४ मीटर लांबी, १.४८ मीटर रुंदी आणि ६६० सीसी इंजिनाची मर्यादा असल्याने त्या बहुतेक सगळ्या उभ्या डब्यासारख्या दिसतात.

डब्यासारख्या का, हे समजून घेण्याजोगे आहे, कारण आपल्याकडच्या एसयूव्हीच्या लाटेचे एक मूळ तिथेच आहे. लांबी गोठवली, की आतली जागा वाढवायला उंचीच उरते. खाली पाय पसरून बसलेला माणूस आडवी जागा फार घेतो. तोच खुर्चीवर बसल्यासारखा ताठ बसवला, तर त्याचे गुडघे दुमडतात आणि तेवढ्याच लांबीत मागच्या प्रवाशाला पाय ठेवायला जागा मिळते. म्हणून चार मीटरांच्या गाडीत आसने आणि छत दोन्ही वर सरकतात. उंच आसनावर चढणे-उतरणे गुडघे दुखणाऱ्या आई-वडिलांना सोपे जाते आणि चालकाला पुढच्या गाडीच्या पलीकडचे दिसते. अशी उंच गाडी जमिनीपासूनही थोडी उचलली आणि तिच्या चाकांभोवती काळे प्लास्टिक लावले, की तिला एसयूव्ही म्हणता येते. यातले शेवटचे निव्वळ दिखाऊ आहे. जमिनीपासूनची उंची मात्र दिखाऊ नाही, आणि त्याचे गणित रस्त्यावरच्या गतिरोधकात आहे.

इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा. म्हणजे तो १७ मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा एक चपटा तुकडा असतो आणि ताशी २५ किलोमीटर वेगाने तो ओलांडावा अशी अपेक्षा असते. डिझायरसारख्या गाडीच्या पुढच्या आणि मागच्या चाकांतले अंतर, म्हणजे व्हीलबेस, २.४५ मीटर असते. ही गाडी अशा गतिरोधकाच्या माथ्यावर येते तेव्हा तिची चारही चाके गतिरोधकावरच असतात, आणि दोन्ही चाकांना जोडणाऱ्या रेषेच्या वर मधला उंचवटा भूमितीप्रमाणे फक्त ४.४ सेंटिमीटर येतो. गाडीच्या पोटाखाली १६ सेंटिमीटर जागा असेल, तर चिंतेचे काहीच कारण उरत नाही. मानकानुसार गतिरोधक बांधले गेले असते, तर बुटकी सेडान आपल्या रस्त्यांवर सुखाने चालली असती.

प्रत्यक्षात आपल्याला भेटतो तो एखाद्या अपघातानंतर रातोरात घातलेला, अर्धा मीटर रुंद आणि १३ सेंटिमीटर उंच असा डांबराचा बांध. तो दोन चाकांच्या मध्ये पूर्णपणे मावतो आणि त्यामुळे गाडीच्या पोटाला त्याची सगळीच्या सगळी उंची ओलांडावी लागते. त्यातच गाडीत पाच माणसे आणि डिकीत गावाहून आणलेले तांदळाचे पोते असेल, तर स्प्रिंगा दाबल्या जाऊन गाडी चार-पाच सेंटिमीटर खाली बसते. सोळातून पाच वजा केले, की अकरा उरतात आणि समोर तेरा उभे असतात. मग पोटाखालून खर्रकन आवाज येतो आणि मागच्या सीटवरच्या मंडळींना उतरून चालत यायला सांगितले जाते. अनुभवी चालक अशा ठिकाणी गाडी तिरकी घालून एकेक चाक चढवतो. त्यात बहुतेक वेळ एखादे तरी चाक बांधावर असल्याने गाडीचे पोट सहसा टेकत नाही. पोटाखाली २० सेंटिमीटर असलेल्या गाडीला हा खटाटोप करावा लागत नाही. तेव्हा ‘आपल्या रस्त्यांना एसयूव्हीच पाहिजे’ असे म्हणणारा ग्राहक जाहिरातीला भुलला आहे असे मला वाटत नाही. तो बांधकाम खात्याच्या चुकीची किंमत स्वतःच्या खिशातून भरतो आहे, इतकेच.

या उंचीची दुसरी किंमत भौतिकशास्त्र वसूल करते. दोन बाजूंच्या चाकांतले अंतर भागिले गुरुत्वमध्याच्या उंचीची दुप्पट, हा गुणोत्तराचा आकडा गाडी वळणावर कलंडण्याला किती विरोध करील याचा ढोबळ अंदाज देतो. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाच्या मोजणीत बहुतेक साध्या मोटारींचा हा आकडा १.३ ते १.५ च्या दरम्यान आणि एसयूव्हींचा १ ते १.३ च्या दरम्यान आढळतो. चाकांची घसरण ओळखून एकेका चाकाला ब्रेक लावणारी इलेक्ट्रॉनिक स्थिरता यंत्रणा ही उणीव बऱ्याच प्रमाणात भरून काढते, त्यामुळे उंच गाडी घेताना सनरूफच्या आधी या यंत्रणेची चौकशी करावी. हवेचा विरोध मात्र कोणत्याही यंत्रणेने टळत नाही. तो गाडीच्या समोरच्या क्षेत्रफळावर, आकारावर आणि वेगाच्या वर्गावर अवलंबून असतो, म्हणजे ताशी ८० वरून १२० वर गेल्यास तो सव्वादोन पट होतो. ताशी १०० किलोमीटर वेगाने हवा कापायला नेटक्या सेडानला साधारण ८ किलोवॉट शक्ती लागत असेल, तर उंच, चौकोनी तोंडाच्या गाडीला ११ ते १२ किलोवॉट लागते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर हा फरक पेट्रोलच्या काट्यावर दिसतो. शहरात तो दिसत नाही, कारण तिथे सगळा मामला वजनाचा असतो. एक टन वजनाची गाडी ताशी ३६ किलोमीटर वेगाने धावताना तिच्यात ५० किलोज्यूल गतिज ऊर्जा असते आणि सिग्नलला ब्रेक दाबताच ती सगळी उष्णता होऊन जाते. इंजिनाची कार्यक्षमता २५ टक्के धरली, तर प्रत्येक सिग्नलला सुमारे ६ मिलिलिटर पेट्रोल असे वाया जाते. दीड टनाच्या गाडीत ते ९ मिलिलिटरांच्या पुढे जाते.

अ‍ॅव्हरेजचा जो आकडा माहितीपत्रकात छापलेला असतो, तो यातल्या बऱ्याच गोष्टी पाहतच नाही. पुण्यातली एआरएआय ही अशा चाचण्या करणारी देशातली एक प्रमुख संस्था आहे. वेताळ टेकडीवर फिरायला जाणारे पुणेकर तिच्या नावानेच टेकडीचा तो भाग ओळखतात. चाचणीत गाडी फिरत्या रुळांवर जागीच चालवली जाते. सुमारे वीस मिनिटांत तिने कधी किती वेग घ्यायचा, कधी थांबायचे हे सेकंदागणिक आखलेले असते, कमाल वेग ताशी ९० असतो आणि एसी बंद असतो. गंमत अशी, की खर्च झालेले पेट्रोल बहुधा टाकीतून मोजले जात नाही. धुराड्यातून आलेला वायू गोळा करून त्यातला कार्बन मोजतात आणि तेवढा कार्बन किती इंधनातून आला असेल, याचा हिशेब करतात. ही पद्धत काटेकोर आहे आणि दोन गाड्यांची तुलना करायला चांगली आहे. पण मे महिन्यात एसी लावून कात्रजच्या चढावर अडकलेल्या गाडीशी तिचा संबंध थोडाच.

त्याहून मोठी गफलत आकडा वाचणाऱ्याच्या डोक्यात होते. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या रिचर्ड लॅरिक आणि जॅक सोल यांनी २००८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात दाखवून दिले, की इंधनाच्या एका मापात किती अंतर कापले हा आकडा माणसे चुकीच्या पद्धतीने वाचतात. लिटरला १० किलोमीटर देणारी गाडी विकून १२ देणारी घेतली, तर फरक दोनचाच दिसतो आणि २० देणारी विकून २५ देणारी घेतली तर पाचाचा. पण वर्षाला १०,००० किलोमीटर चालवणाऱ्याचे पहिल्या बदलात १६७ लिटर पेट्रोल वाचते आणि दुसऱ्यात १०० लिटरच. बावीस देणारी घ्यावी की चोवीस देणारी, यावर घरात चर्चा रंगते तो फरक वर्षाला ३८ लिटरांचा असतो. दारातली जुनी, दहा देणारी गाडी मात्र चर्चेत येतच नाही.

सीएनजीच्या बाबतीत ही गफलत दुहेरी होते. पेट्रोलवर लिटरला १९ किलोमीटर देणारी गाडी सीएनजीवर किलोला २६ देते, म्हणून ते इंजिन अधिक काटकसरी आहे असे समजले जाते. पण एक किलो सीएनजीमध्ये एका लिटर पेट्रोलच्या सुमारे दीडपट ऊर्जा असते. ऊर्जेच्या हिशेबाने २६ म्हणजे लिटरला साधारण साडेसतरा होतात, म्हणजे थोडे कमीच. शिवाय पेट्रोल थेंबांच्या रूपात आत जाते आणि फारशी जागा अडवत नाही. सीएनजीतला मुख्य वायू मिथेन मात्र साडेनऊ भाग हवेला एक भाग या प्रमाणात हवेचीच जागा घेतो, त्यामुळे इंजिनाची ताकद एक दशांशाच्या आसपास घटते आणि घाटात गाडी दमते. वर २०० बार दाबाची टाकी डिकी खाऊन टाकते. २०२३ मध्ये टाटांनी एका मोठ्या टाकीऐवजी दोन लहान टाक्या डिकीच्या तळाशी बसवल्या, तेव्हा सीएनजीच्या गाडीत पहिल्यांदा बॅगा नीट मावू लागल्या.

तरीही पंपावरच्या रांगा ओसरत नाहीत, कारण बचत इंजिनात नसून दरात आहे. पेट्रोल १०४ रुपये लिटर आणि सीएनजी ८० रुपये किलो धरले आणि रस्त्यावर प्रत्यक्ष मिळणारे अ‍ॅव्हरेज अनुक्रमे १५ आणि २१ मानले, तर किलोमीटरमागे सुमारे तीन रुपये वाचतात. सीएनजीची गाडी घेताना नव्वद हजार रुपये जास्त मोजले असतील, तर ते वसूल व्हायला ३०,००० किलोमीटर धावावे लागते. रोज ठाण्याहून अंधेरीला जाणारा ते दोन वर्षांत सहज भरून काढतो. शनिवार-रविवारीच गाडी बाहेर काढणाऱ्या, महिन्याला ४०० किलोमीटर चालवणाऱ्या कुटुंबाला त्यासाठी सहा वर्षांहून अधिक काळ लागतो, आणि तोवर त्या घरात पुढच्या गाडीची बोलणी सुरू झालेली असतात.