माळेचा मणी आणि दहा सेकंदांचा श्वास

नागपुरात अंबाझरीच्या बागेत सकाळी प्राणायामाला बसलेल्यांना कारण विचारा, उत्तर ठरलेलं: "ऑक्सिजन वाढते ना भाऊ!" वाढत नाही. फुप्फुसं धड असतील तर नुसतं बसल्या बसल्याही रक्तातलं हिमोग्लोबिन ९७-९८ टक्के भरलेलंच असतं, वर जागा उरते नखाएवढी. कोरोनात घेतलेला ऑक्सिमीटर अजून कपाटात असेल, तो बोटाला लावून पाहा. पण दहा मिनिटांनी जिवाला जे स्वस्थ वाटतं, ते खोटं नाही. ते वेगळ्या वाटेनं येतं, आणि ती वाट मनगटावर सापडते.

डाव्या मनगटावर अंगठ्याच्या बाजूला उजव्या हाताची दोन बोटं ठेवा. अंगठा नको, त्याला स्वतःचा ठोका असतो. नाकानं ४ सेकंद श्वास घ्या, ६ सेकंद सोडा. घेताना ठोके दाटीनं येतात, सोडताना विरळ होतात. तरुणांमध्ये हा फरक ठळक असतो, वयाबरोबर पुसट होतो, आणि जुन्या मधुमेहात नसा खराब झाल्या असतील तर जवळजवळ जाणवतच नाही. कार्ल लुडविग या जर्मन शरीरशास्त्रज्ञांनी १८४७ मध्ये कुत्र्यांमध्ये हीच गोष्ट नोंदवली होती.

हृदयाला मोकळं सोडलं तर ते मिनिटाला शंभराच्या आसपास ठोके देतं. दुसऱ्याचं बसवलेल्या (प्रत्यारोपित) हृदयाचे ठोके जलद असतात ते म्हणूनच: शस्त्रक्रियेत त्याच्या नसा तुटलेल्या असतात. शाबूत शरीरात मात्र मेंदूच्या देठातून निघालेली व्हेगस नावाची दहावी नस लगाम खेचून धरते, म्हणून आपले ठोके सत्तरच्या आसपास राहतात. श्वास घेताना मेंदू हा लगाम सैल करतो, सोडताना पुन्हा आवळतो. लगाम कशाचा, ते ऑटो लोवी यांनी १९२१ मध्ये बेडकाच्या दोन हृदयांवर दाखवलं. एकाची व्हेगस चेतवली, त्याच्याभोवतीचं द्रावण दुसऱ्यावर ओतलं, तर दुसरंही मंदावलं. द्रावणात ॲसिटिलकोलिन होतं. लोवी आणि हेन्री डेल यांना १९३६ चं नोबेल मिळालं. हे रसायन ठोक्याभरात काम करतं आणि लगेच मोडतं. उलट हृदय पळवणाऱ्या सिंपथेटिक नसांचा परिणाम चढायला आणि उतरायला कित्येक सेकंद लागतात. त्यामुळे श्वासागणिक ताल धरणं एकट्या व्हेगसलाच जमतं.

आता खरी गंमत. मानेतल्या धमनीत आणि महाधमनीच्या कमानीत ताण मोजणारी नसांची टोकं असतात. रक्तदाब चढला की धमनीची भिंत ताणली जाते, ही टोकं मेंदूला कळवतात, मेंदू ठोका मंद करतो, दाब उतरतो. उतरला की उलट फेरा. निरोप जाऊन दाब प्रत्यक्ष बदलायला साधारण ५ सेकंद लागतात, म्हणजे पूर्ण फेरा १० सेकंदांचा. श्वासही १० सेकंदांचा ठेवला, मिनिटाला ६, की दोन्ही लाटा एकमेकींवर बसतात. झोक्याला बरोबर मागे आला असताना ढकलावं, तसं. ठोक्यांचा चढउतार सगळ्यांत मोठा होतो तो इथे. प्रत्येकाचा आकडा थोडा वेगळा असतो, साधारण साडेचार ते सातच्या मध्ये.

लुचियानो बर्नार्डी या इटालियन डॉक्टरांच्या गटानं २००१ मध्ये २३ निरोगी माणसांकडून लॅटिनमधली आवे मारिया ही ख्रिस्ती प्रार्थना आणि 'ॐ मणि पद्मे हुं' हा बौद्ध मंत्र म्हणवून घेतला. दोन्हींत श्वास मिनिटाला सहाच्या आसपास आला, आणि दाब सांभाळणारी ही यंत्रणा अधिक तरतरीत झाली. दीक्षाभूमीवर संथ लयीत म्हटलेलं 'बुद्धं शरणं गच्छामि' असो की राष्ट्रसंतांची सामुदायिक प्रार्थना, शब्द निघतात ते सुटणाऱ्या श्वासावरच, म्हणून श्वास आपोआप लांबतो. त्यासाठी 'हीलिंग'च्या नावानं विकली जाणारी ५२८ हर्ट्झची ट्यून घ्यावी लागत नाही, आणि 'चक्र उघडण्याची' फी तर नाहीच नाही.

मन कसं निवतं, याचा एक धागा २०१७ मध्ये उंदरांत सापडला. श्वासाचा ताल लावणाऱ्या प्रीबॉटझिंगर भागातल्या काही पेशी थेट लोकस सेरुलियस या जागं ठेवणाऱ्या केंद्राला टोचत असतात. त्या काढल्या तर उंदीर शांत बसून राहतात. माणसांत हे जसंच्या तसं लागू आहे असं कुणी सांगितलं, तर ते घाईचं आहे.

सगळ्यांत जास्त चुकतं ते हवेच्या मापात. साधा श्वास ५०० मिलीचा, त्यातले १५० श्वासनलिकेतच फुकट जातात. मिनिटाला १४ श्वास धरले तर कामाची हवा ४.९ लिटर. तेवढीच ६ श्वासांत हवी तर एक श्वास साधारण ९७० मिलीचा पुरतो. 'दीर्घ' ऐकून लोक छाती फुगवून अडीच लिटर ओढतात. मग कार्बन डायऑक्साइड घटतो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात, डोकं गरगरतं. रक्त अल्कली होतं, मोकळं कॅल्शियम प्रथिनांना चिकटतं, बोटांना आणि ओठांना मुंग्या येतात. त्याला 'ऊर्जा चढली' म्हणतात. चढत काही नाही, घटतं. मुंग्या आल्या की मोजणं सोडून साधा श्वास घ्या.

बसायचं तर्री-पोह्यांच्या आधी. भरल्या पोटी छाती आणि पोट यांच्यामधला श्वासाचा पडदा नीट खाली उतरत नाही. पाठ ताठ, पण खांदे सैल. हात बेंबीवर, आणि श्वास घेताना वर उचलायला हवं ते पोट. मे महिन्यात पारा ४५ वर असताना पाणी पिऊनच बसा, आणि उठताना झटकन उठू नका, दाब पडून डोळ्यांपुढे अंधारी येते. बीपीची गोळी यासाठी बंद करायची नाही. दम्याचा झटका चालू असताना हे करायचंच नाही.

मोजत बसणं जिवावर येत असेल तर माळ घ्या. घेताना गप्प, सोडताना एकदा 'श्रीराम जय राम जय जय राम' किंवा जे तुमचं असेल ते, मग मणी. १०८ मणी, प्रत्येकी १० सेकंद: १८ मिनिटं. चार मिनिटांत माळ उरकणाऱ्याच्या वाट्याला मण्यामागे सव्वादोन सेकंद येतात, तेवढ्यात श्वास धड आतही जात नाही. वेळ नसेल तर ५४ मणी, ९ मिनिटांत.